कडेच्या तीन खाचा

धुतलेली फिल्म दोरीला टांगली की माणूस तिच्यात चेहरा शोधतो. स्वतःचा, नाहीतर स्वतःच्या माणसाचा. ताई चेहऱ्यांकडे सगळ्यात शेवटी वळतात. वरच्या टोकाला चिमटा, खालच्या टोकाला वजनासाठी दुसरा चिमटा, आणि मग वरून खाली नुसत्या कडा बघत जायचं, अशी त्यांची पद्धत आहे. प्रत्येक चौकोनी चित्राभोवती फिल्मवर एक कोरी, काचेसारखी पट्टी सुटते. तिच्यात काही उमटलंय का, तेवढं त्या बघतात. काही नसतं. मग हात पुसून त्या बाहेर येतात.

एकशेवीसचा रोल, म्हणजे रुंद फिल्मचा, ज्याला हौशी लोक मिडियम फॉरमॅट म्हणतात तो, धुऊन त्याचे हाताने प्रिंट काढून देणारं शहरात हे एकच दुकान उरलं आहे. पुढच्या खोलीत काउंटर आणि त्यामागे खुर्चीत ताईंची आई. वय ऐंशीला टेकलंय, पण रोल घेणं, पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव घालणं आणि उशीर झाला म्हणून कटकट करणाऱ्याला गप्प करणं ही कामं तिने सोडलेली नाहीत. नावं ती आपल्या सोयीने घालते: 'शिंकणारे', 'लाल मोटारवाले', 'घाईतले'. मागे, जिथे पूर्वी मोरी होती, तिथे डार्करूम. झाकणाच्या दोन टाक्या, चार ट्रे, टेबलावर चित्र मोठं करून कागदावर पाडणारा एन्लार्जर आणि भिंतीत मुरलेला हायपोचा, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाचा, वास. डार्करूमच्या दारावर बाहेरच्या बाजूने एक लाल बल्ब आहे. तो लागलेला असताना दार उघडायचं नाही, हा ताईंच्या वडिलांनी घालून दिलेला नियम. बल्ब रस्त्यावरूनही दिसतो.

अधूनमधून तरुण मंडळी ताईंवर व्हिडिओ करायला येतात. सगळं जग पुढे गेलं, तुम्ही फिल्मवरच का राहिलात, असं विचारतात. 'दुसरं काही येत नाही मला,' ताई सांगतात. मंडळींना ते फार आवडतं. ती त्याच्यामागे संगीत घालतात.

ताई फिल्मवर राहिल्या त्या दादासाठी.

वडिलांचा स्टुडिओ होता. मुलगा आणि धाकटी मुलगी, दोघांना त्यांनी अगदी एकसारखे दोन कॅमेरे घेऊन दिले होते, दोन भिंगांचे, पोटाशी धरून वरून आत बघायचे. समारंभांना दोघं बरोबर जात, रोल बरोबर धुतले जात, आणि मग कोणता फोटो कोणाचा यावरून घरात जुंपायची. दादाच्या मते चांगला निघालेला प्रत्येक फोटो त्याचा आणि हललेला प्रत्येक ताईंचा असायचा. शेवटी एक दिवस त्याने बारीक तिकोनी कानस घेतली आणि आपल्या कॅमेऱ्याच्या आतल्या चौकटीला, जिच्यातून उजेड फिल्मवर पडतो तिला, तीन खाचा पाडल्या. दोन जवळजवळ, एक लांब. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक चित्राच्या कडेला, त्या कोऱ्या पट्टीत, तीन काळे दात उमटू लागले. नव्या कॅमेऱ्याला कानस लावली म्हणून वडिलांनी आठवडाभर अबोला धरला. हललेले फोटो बहुतेक दादाचेच निघाले.

तो अठ्ठावीस वर्षांचा असताना एका ठेकेदाराने त्याला नदीवरच्या पुलाच्या कामाचे फोटो काढायला सांगितलं. सकाळी तो गळ्यात कॅमेरा अडकवून स्कूटरवर गेला आणि संध्याकाळी आला नाही. स्कूटर फेरीबोटीच्या धक्क्यावर सापडली, स्टँडवर लावलेली, हँडल लॉक केलेलं. नदीला त्या आठवड्यात ओढ होती. पोलिसांनी गळ टाकले, होड्या फिरवल्या, मग कागद पुरे केले. आईने वर्षभर वाट पाहिली आणि एका दुपारी जेवता जेवता सांगितलं, 'पाण्यात गेला तो.' नंतर ती बरेच दिवस रडली, आणि रडून झाल्यावर उठून कामाला लागली. त्याचे कपडे देऊन टाकले. पुढे कधी त्याचा विषय निघाला तर ती गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं, साध्या आवाजात बोलायची.

ताईंना ते जमलं नाही. जीव द्यायला निघालेला माणूस हँडल लॉक करत बसत नाही, असं त्या म्हणायच्या. 'पाय घसरून पडणारा करतो की,' वडील म्हणायचे. पण कॅमेरा सापडला नव्हता. दादा असेल तिथे फोटो काढल्यावाचून राहणार नाही. कॅमेरा विकला असेल तर घेणारा काढेल. चोरीला गेला असेल तर चोराचं गिऱ्हाईक काढेल. काढलेली फिल्म कुठेतरी धुवावीच लागणार, आणि धुणाऱ्याला कडा दिसणार. ताईंनी पुढची सव्वीस वर्षं या एका तर्कावर काढली.

मधल्या काळात फिल्मचा धंदा बसला. लॅबवाले एकेक करून हाय खाऊन घरी बसले. ताई शहरातल्या प्रत्येक बंद पडणाऱ्या दुकानात जात, ट्रे आणि उरलेला कागद उचलत आणि मालकाला सांगत, तुमची रोलवाली गिऱ्हाइकं माझ्याकडे पाठवा. एक म्हातारा लॅबवाला त्यांना दारात बघून म्हणाला, 'आलात? म्हणजे आमचं संपलंच म्हणायचं. गिधाडसुद्धा आधी जरा घिरट्या घालतं हो.' ताई हसल्या. त्यांना खरंच वाईट वाटत नव्हतं. शहरात वीस ठिकाणी रोल धुतले जात होते तेव्हा दादाची फिल्म त्यांच्या हाती लागण्याची शक्यता विसात एक होती. विसाची दहा ठिकाणं झाली, दहाची पाच झाली, मग नदीपलीकडच्या गावातली शेवटची लॅबही बंद झाली. बुडत्या धंद्याला चिकटून राहिलेली बाई म्हणून लोक त्यांच्याबद्दल हळहळत होते. ताईंच्या लेखी जाळं आवळत आलं होतं.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात दुकानात एक दातांचे डॉक्टर आले. ठेंगणे, बोलके, नदीपलीकडे दवाखाना असलेले. फोटोंचा नाद नवीनच लागला होता. रोल काउंटरवर ठेवून त्यांनी आईला विचारलं, 'दुखणार नाही ना?'

'काय दुखणार?'

'पेशंट मला विचारतात. मला कधी कोणाला विचारायला मिळत नाही.'

'तोंड असंच चालू ठेवलंत तर दुखेल,' आई म्हणाली आणि पाकिटावर 'दाताचे' असं लिहिलं.

ताईंनी तो रोल दुपारी धुतला, टांगला, कडा बघायला लागल्या आणि दुसऱ्या चित्रापाशी थांबल्या. दोन जवळजवळ, एक लांब.

त्यांनी फिल्मवरून अंगठा फिरवला. ओल्या फिल्मला बोट लावायचं नसतं, तिचा थर त्या वेळी सायीइतका मऊ असतो, हे या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. डाग असेल तर जाईल, असं त्यांना वाटलं होतं. खाचा गेल्या नाहीत. डॉक्टरांच्या कुत्र्याचा अर्धा चेहरा मात्र गेला.

मग त्यांनी चित्रं बघितली. कुत्रा, पाण्याची टाकी, खिडकीत बसलेली एक बाई, दवाखान्यातली खुर्ची. कॅमेरा पोटाशी धरायचा असला की चित्र माणसाच्या पोटाच्या उंचीवरून निघतं. दादा घरात सगळ्यांत उंच. त्याच्या फोटोत टेबल नेहमी वरून दिसायचं, कपातला चहासुद्धा दिसायचा. या चित्रांत टेबलाची नुसती धार दिसत होती. कॅमेरा तोच होता, आणि त्याच्यामागे दुसरंच कोणीतरी उभं होतं. ताई स्टुलावर बसून राहिल्या. बाहेरून आईने विचारलं, 'झालं का गं?' 'होतंय,' त्या म्हणाल्या.

डॉक्टर प्रिंट न्यायला आले तेव्हा ताईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, 'कॅमेरा छान आहे. कुठे मिळाला?'

डॉक्टर हसले. 'ते सांगितलं तर तुम्ही जाऊन त्याच्याकडचा दुसरा उचलाल. या नादातली माणसं भारी पक्की असतात, मला आधीच बजावून ठेवलंय.'

ताईंनी विषय वाढवला नाही. वाढवायला हवा होता, आणि वाढवणं सोपं होतं. पण कॅमेरा धक्क्याखालच्या गाळात एखाद्या कोळ्याच्या जाळ्याला लागला होता, असं उत्तर आलं असतं तर? इतकी वर्षं त्यांना हा प्रश्न पडला नव्हता. आता तो काउंटरवर डॉक्टरांच्या कुत्र्याच्या फोटोशेजारी पडलेला होता.

डॉक्टरांचे रोल येत राहिले. ताई आता कडांवर थांबेनात. प्रत्येक चित्राचा मागचा भाग त्या भिंगाखाली धरून तपासू लागल्या: दुकानांच्या पायऱ्या, बसची रांग, उघड्या खिडक्या. कॅमेरा पलीकडच्या गावात फिरत होता. म्हणजे त्याचा मूळ मालक मागे कुठेतरी उभा असेल, आपल्याच कॅमेऱ्यासमोरून जाताना क्षणभर थांबला असेल. एका चित्रात बागेतल्या बाकावर एक उंच माणूस पाठमोरा बसला होता. ताईंनी एन्लार्जरचं डोकं खांबाच्या टोकापर्यंत चढवलं. तेवढ्याने भागेना, तेव्हा ते टेबलाबाहेर फिरवून चित्र फरशीवर पाडलं आणि गुडघ्यांवर बसून खाली कागद लावला. ट्रेमध्ये ती पाठ हळूहळू वर आली. खांदे दादाचे वाटले. आणखी मोठं केलं, तेव्हा मानही त्याची वाटली. आणखी मोठं केलं, तेव्हा मान उरलीच नाही. राखाडी दाणे उरले, पावसाळी भिंतीवर बुरशी दिसते तसे.

तो शेवटचा कागद त्यांनी वाळवला नाही आणि टाकलाही नाही. पाण्याच्या ट्रेमध्ये तो तसाच पडून राहिला आणि येता-जाता त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याचा थर सुटायला लागला तेव्हा आईने तो बोटांच्या चिमटीत उचलला.

'हा कोण?'

'कोणी नाही.'

'मग एवढा मोठा कशाला केलास?'

पुढच्या खेपेला डॉक्टर आले ते कपाळाला आठ्या घालून. आई जेवायला वर गेली होती. त्यांनी पाकिटातली निगेटिव्ह काढून खिडकीकडे धरली. 'हे बघा. प्रत्येकाच्या कडेला दात. दिवसभर मी तेच बघतो, ते विसरायला म्हणून फोटो काढतो, तर फोटोलाही दात. आत कुठेतरी टवके उडालेत. माझ्याकडे घासायचं मशीन आहे, पाच मिनिटांत गुळगुळीत करून टाकतो.'

'नका करू.'

'अहो, हात चांगला आहे माझा.'

'हाताचा प्रश्न नाही. त्या खाचा माझ्या भावाने पाडल्यात.'

ताईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. घराबाहेरच्या माणसाला हे सांगण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. डॉक्टरांनी मध्ये एकही विनोद केला नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला. 'मग हा तुमचा आहे.'

ताईंनी त्याला हात लावला नाही. 'तुमचाच. काढत राहा फोटो. फक्त कोणाकडून घेतला ते सांगा.'

पलीकडच्या धक्क्याला लागून जुन्या वस्तूंचं एक दुकान होतं. ताई दुसऱ्या दिवशी फेरीबोटीत बसल्या. दादा गेल्यापासून त्या एकदाही फेरीत बसल्या नव्हत्या. दुकानदार पंख्यांच्या आणि मोडक्या इस्त्र्यांच्या ढिगात बसला होता. त्यांनी कॅमेऱ्याचा विषय काढताच तो म्हणाला, 'चोरीचा नाही हो.'

'मी कुठे म्हटलं?'

'कॅमेऱ्याची चौकशी करत कोणी आलं की तो चोरीचाच निघतो, असा अनुभव आहे. हा नाही तसला. मास्तर स्वतः घेऊन आले होते. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. पुसून, फडक्यात गुंडाळून.'

'कसे आहेत दिसायला?'

'उंच. गाडीत मावत नाहीत, म्हणून पाठ दुखते म्हणतात. वरच्या रस्त्यालाच आवार आहे त्यांचं, जा ना.'

आवारात दोन जोड्या पॅडलची एक छोटी गाडी धक्के खात फिरत होती. चालवणारी मुलगी घामाघूम झाली होती. शेजारी बसलेल्या माणसाचा आवाज उघड्या काचेतून येत होता. 'क्लच सोडताना घाई नको. तुला घाई आहे हे त्याला कळत नाही.' आवाज ऐकला आणि ताई भिंतीलगतच्या बाकावर बसल्या. चेहरा बघायची गरज उरली नव्हती. गाडीने आणखी दोन फेऱ्या मारल्या. त्या दोन्ही फेऱ्या त्यांनी मान खाली घालून काढल्या.

गाडी थांबली. माणूस अंग वाकवून बाहेर आला. जाड झालेला, टक्कल पडलेलं, चष्मा. मुलीला उद्याची वेळ देऊन तो वळला आणि जागीच उभा राहिला.

'चिंगे,' तो म्हणाला.

'हो.'

'पाणी आणू?'

'नको.'

तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस मावेल एवढी जागा राहिली.

'कॅमेरा विकलास,' ताई म्हणाल्या. भेट झाली तर पहिलं वाक्य काय बोलायचं हे त्यांनी अनेकदा ठरवलं होतं. त्यांत हे नव्हतं.

'कपाटात जागा नव्हती. तुझ्याकडे आला?'

'फिल्म आली.'

दादाने मान हलवली. 'मला वाटलं, तू एव्हाना बंद केलं असशील. सगळ्यांनीच केलं.'

'म्हणजे?'

'म्हणजे मी इतकी वर्षं रोल बाहेर कुठे दिलाच नाही गं. न्हाणीघरात धुवायचो. खिडकीला काळं कापड लावून, बादलीत. कोणाच्याही हातून तुझ्यापर्यंत पोचला असता आणि तू कडा बघितल्या असत्यास, हे काय मला माहीत नव्हतं? मग मनगटं दुखायला लागली, फोटो काढणं सुटलं. म्हटलं, आता कोण धुतंय फिल्म. दे विकून.'

नदीच्या एका काठावर एक बाई हाती येईल त्या फिल्मची कड तपासत होती, आणि दुसऱ्या काठावर एक माणूस आपली कड तिला दिसू नये म्हणून न्हाणीघराचं दार लावून घेत होता. ताईंना हे समजायला थोडा वेळ लागला.

'का गेलास?'

'गेलो असं नाही.' तो गाडीच्या टायरकडे बघत होता. 'फेरीत बसलो. इकडून पूल चांगला दिसेल म्हणून. फोटो काढले, आणि परतीची फेरी सोडली. म्हटलं, पुढची घेऊ. तीही सोडली. इतकं शांत वाटलं. रात्र धक्क्यावरच काढली. सकाळी उठून जाणार, तर तिकडे पाण्यात गळ टाकत होते.'

'तू बघितलंस?'

'इकडे बघायला गर्दी जमली होती. तिच्यात उभा होतो. कोणाला शोधताहेत, म्हणून मीच एकाला विचारलं. मग जाणं अवघडच झालं. जाऊन काय सांगणार होतो? फेरी चुकली?'

ताईही टायरकडे बघू लागल्या.

'बाबा गेल्याचं पेपरात वाचलं,' तो म्हणाला. 'आलो होतो.'

'कुठे?'

'घरी. म्हणजे समोरच्या फुटपाथवर. दुकान उघडं होतं, काउंटरवर कोणी नव्हतं. आत लाल दिवा लागला होता.'

'मग?'

'लाल दिवा असला की दार उघडायचं नाही.'

'विझेपर्यंत थांबायचं असतं.'

'थांबलो जरा.' त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. 'नंतरही आलो दोन-चारदा. दर वेळी लागलेलाच असायचा. किती काम करतेस गं.'

फाटकाशी पुढचा शिकणारा येऊन उभा राहिला. दादाने त्याला हाताने थांबायची खूण केली.

'घरी ठाऊक आहे?' ताईंनी विचारलं.

'बायकोला सांगितलंय, मला कोणी नाही.' तो हे लागेल असं बोलत नव्हता. पत्ता सांगावा तसं सांगत होता. 'आई?'

'आहे. काउंटरवर बसते. तुझ्यासाठी रडून कधीच मोकळी झाली ती.'

'मग नको सांगूस तिला.'

'मी नाही सांगणार. तू ये आणि तू सांग.'

'बघतो,' दादा उठता उठता म्हणाला. 'येतो एखाद दिवशी.'

घरी आल्यावर आईने विचारलं, 'कुठे होतीस इतका वेळ?' ताईंनी सांगितलं, कागद बघायला गेले होते.

त्या दिवसापासून त्यांच्याने लाल दिवा लाववेना. बटणापर्यंत हात जायचा आणि समोरच्या फुटपाथवर कोणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. वळून बघावं तर रिकामा फुटपाथ, किंवा बुटाची नाडी बांधायला थांबलेला कोणी. दिवा लावल्याशिवाय आत काम करायचं नाही, म्हणून काम बंद पडलं. त्या आईशेजारी स्टूल घेऊन बसू लागल्या. पाकिटं साचली. शिंकणारे येऊन गेले, लाल मोटारवाले दोनदा येऊन गेले. 'दोघींनी इथे बसून काय करायचंय?' आई म्हणाली. 'एकीला तरी आत काम आहे.' डोकं दुखतंय, असं ताईंनी सांगितलं. आईने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

साचलेल्या पाकिटांत डॉक्टरांचाही एक रोल होता. बायकोच्या वाढदिवसाचे फोटो. आज संध्याकाळी न्यायला येतो, असा त्यांचा सकाळी फोन आला. त्यांचं काम टाळणं ताईंना शोभलं नसतं. दुपारी त्या आत गेल्या, पण लाल दिवा न लावता. आतून कडी घातली. दिवा न लावता त्या खोलीत काम, असं त्या दुकानात आजवर घडलं नव्हतं.

रोल उघडताना आतला मंद लाल दिवाही चालत नाही, पूर्ण काळोख लागतो. ताईंनी फिल्मच्या मागचा कागद सोडवला, फिल्मचं टोक चाचपून रिळाच्या खाचेत घातलं आणि गुंडाळायला सुरुवात केली. एवढ्यात बाहेर पुरुषाचा आवाज आला. 'आहे का कोणी?'

'काय हवंय?' आई म्हणाली.

पुढे काहीच ऐकू आलं नाही. माणूस उत्तर देत नव्हता. आईही बोलत नव्हती. काळोखात ताईंच्या हातातली फिल्म थांबली. मग त्यांनी कडी काढली.

बाहेर टळटळीत दुपार होती. काउंटरपाशी हातात छोटं यंत्र घेतलेला एक तरुण भिंतीवर वर-खाली काहीतरी शोधत होता. ताईंना बघून तो म्हणाला, 'मीटर कुठे आहे? रीडिंग घ्यायचंय.'

आईचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती ताईंच्या हाताकडे बघत होती. रीळ हातात, आणि उरलेली फिल्म जमिनीपर्यंत लोंबत उन्हात हलत होती.

'दाराच्या मागे आहे मीटर,' आईने त्याला सांगितलं. त्याने आकडा घेतला, पावती काउंटरवर ठेवली आणि गेला.

'कोण आलंय असं वाटलं तुला?' आईने विचारलं.

आईची हयात त्या खुर्चीत गेली होती, आणि त्या दारातून उघडी फिल्म घेऊन कोणी बाहेर आलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या दुकानाला आग लागली तेव्हासुद्धा वडील रोल टाकीत घालून, झाकण लावून मगच बाहेर आले होते.

'कुठे असतो?' आई म्हणाली.

'नदीपलीकडे.'

'केव्हापासून?'

'तेव्हापासूनच.'

'म्हणजे फेरीत बसून गेला.'

'हो.'

आईने पावतीची घडी घातली. 'मी एवढी वर्षं पाणी किती गार असेल याचा विचार करत होते,' ती म्हणाली. मग विचारलं, 'येणार आहे?'

'बघतो म्हणालाय.'

संध्याकाळी डॉक्टर आले. फिल्म माझ्या हातून वाया गेली, असं ताईंनी त्यांना सरळ सांगितलं. 'मी एकदा चुकून शेजारचा दात काढलाय,' ते म्हणाले. 'तो माणूस अजून माझ्याकडेच येतो. काय करतो बिचारा.' जाताना त्यांनी दुसरा रोल ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने आपली खुर्ची काउंटरच्या पुढे, रस्त्याकडे तोंड करून ठेवायला लावली. 'तू जा आत,' ती म्हणाली. 'दिवा लाव, नाहीतर नको लावू. इथे मी आहे.' ताई आत गेल्या आणि साचलेलं काम उपसायला लागल्या. आता काम मागे पडलेलं नाही. प्रिंट वेळेवर मिळतात.

आई मात्र जेवायलाही वर जात नाही. ताट खाली आणावं लागतं. रोल द्यायला आलेल्यांना ती बाजूला उभं राहायला सांगते, समोरचं दिसत नाही म्हणून. शेवटच्या फेरीची माणसं रस्त्यावरून जाऊन संपली की मगच उठते. ताईंनी एकदा सुचवलं, आपणच दोघी जाऊन येऊ. फेरीने फार वेळ लागत नाही, मी धरून नेते तुला.

'मी नाही हलणार,' आई म्हणाली. 'मी तिकडे जायची आणि तेवढ्यात तो इथे यायचा.'